दोन रिंगणांची पेटी

"विस्तव आणि विष एकाच पेटीत भरायचं. पेटी लाकडाची नाही, लोखंडाची नाही, तेलातुपाच्या जातीची. ती माणसाच्या रक्तात सोडून द्यायची. आणि वाटेत ना विस्तवाने कुणी भाजायचं, ना विषाने कुणी मरायचं. हे कसं काय गो जमणार? तू सांग!"

नूतनआत्या कारखान्याच्या पायरीवर बसून कोळंबी सोलत होती. बोलताना तिचे हात थांबले नव्हते. समोर बसलेल्या ऋजुताचे मात्र थांबले.

"मला कुठे माहीत आहे?" ऋजुता म्हणाली.

"तुझ्या अण्णाआजोबांना माहीत आहे ना? त्यांनीच ती पेटी काढली आहे. मग विचार त्यांना. मला कळेल असं येऊन सांग."

वेळणे बंदरात नूतनआत्याचा, म्हणजे नूतन कुबलचा, बर्फाचा कारखाना होता. होड्या आता उन्हावर चालत, आणि मासळी कुठे आहे ते आकाशातून उडती यंत्रं सांगत. पण पकडलेला मासा टिकवायला बर्फ लागायचाच. त्यामुळे आत्याचं राज्य अबाधित होतं. आत्याला आणखी एक नाद होता, उमाणे घालायचा. उमाणा म्हणजे गाण्यातलं कोडं. कुणी बर्फ न्यायला आला की आधी उमाणा सोडवायचा, मग लादी उचलायची.

पाण्याच्या पोटी आली, दगडासारखी झाली,
उन्हाने हाक मारली, तशी पाण्यात गेली.

हा तर बंदरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता.

पण गेल्या वर्षी आत्याच्या पोटात कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, मग कीमोथेरपी (औषधी रसायनांनी केलेला उपचार) झाली. त्या औषधाने गाठीला मारलं, पण आत्यालाही मारलं. केस गेले, तोंड आतून सोलवटलं, बंदरभर घुमणारा आवाज महिनाभर कुजबुजीवर आला. आणि आता गाठीचा एक तुकडा पुन्हा वाढू लागला होता. खाडीपलीकडच्या रुग्णालयात अण्णांच्या पेटीचा नवा उपचार सुरू झाला होता. तो घ्यायचा की नाही, हे आत्याने या आठवड्यात सांगायचं होतं.

"घेशील ना गं?" ऋजुताने हळूच विचारलं.

"ज्याचा उमाणा मला रचता येत नाही, ते मला कळलेलं नाही," आत्या म्हणाली. "आणि जे माका कळला नाय, ता मी अंगात घेवचंय नाय. मागच्या वेळी न कळता घेतलं. पुरे झालं."

आत्या एकदा नाही म्हणाली की अख्खं बंदर एकीकडे झालं तरी नाहीच. ऋजुताने हात धुतले आणि पुढची होडी पकडली.

खाडीपलीकडे आजोबांची प्रयोगशाळा होती. डॉ. हरेश्वर खोबरेकर म्हणजे ऋजुताच्या आईचे वडील. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दारातच शिसोबा उभा होता. हा तिथला यंत्रमानव. किरणं सोडणारे पदार्थ हाताळायचं काम त्याचं, म्हणून त्याच्या अंगभर शिशाचा जाड पत्रा होता. शिसोबा हे नाव ऋजुतानेच लहानपणी ठेवलेलं.

"कृपया पादत्राणे बाहेर काढावीत," शिसोबा म्हणाला.

"काढली रे बाबा. कसा आहेस?"

"माझी विद्युतघटमाला ब्याऐंशी टक्के भरलेली आहे."

"म्हणजे मजेत आहे," आतून अण्णा म्हणाले. "ये गं. आत्याने पाठवलं ना? मला वाटलंच."

ऋजुताने विस्तव आणि विषाचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. अण्णा खूश झाले. "माझ्या विद्यार्थ्यांनीसुद्धा इतका नीट विचारला नव्हता. चल, आधी पेटी बघू."

त्यांनी बशीत पिवळसर चिकट गोळा काढला. "हे सोयाबीनमधून काढलेलं लेसिथिन. अंड्याच्या बलकातही असतं. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीची भिंतही अशाच पदार्थाची असते. याचा एक-एक रेणू (पदार्थाचा सगळ्यात लहान कण) कसा असतो, माहीत आहे? डोक्याला पाणी आवडतं आणि मागे दोन शेपट्या असतात, त्यांना पाणी मुळीच आवडत नाही."

"दोन वेण्या घातलेल्या मुलीसारखा!"

"अगदी! आता अशा खूप मुली पाण्यात सोडल्या. तोंडं भिजली तर चालेल, पण वेण्या कोरड्या राहायला हव्यात. काय करतील त्या?"

ऋजुता विचार करू लागली. भोंडल्यात फेर धरतात तशी एक गोल रांग तिने मनात उभी केली. तोंडं बाहेर, वेण्या आत. पण आतही पाणी असेल तर वेण्या भिजणारच. मग? मग आणखी एक रांग हवी. तिने टेबलावरचे शंख-शिंपले ओढून घेतले आणि मांडायला सुरुवात केली.

"दोन रिंगणं, अण्णा! बाहेरच्या रिंगणातल्या मुली बाहेर तोंड करून. आतल्या रिंगणातल्या आत तोंड करून. पाठीला पाठ. मग सगळ्यांच्या वेण्या मधोमध, कोरड्या!"

"आणि मध्ये काय उरलं?"

"मोकळी जागा. पाण्याची."

"झाली पेटी!" अण्णांनी टाळी दिली. "फक्त आपलं रिंगण सपाट आहे, खरी पेटी चेंडूसारखी सगळीकडून बंद. हिला म्हणतात लायपोसोम (दुहेरी स्निग्ध भिंतीची सूक्ष्म पेटी). ती कुणी शिवत नाही, चिकटवत नाही. पाणी आणि लेसिथिन एकत्र आले की मुली आपल्या आपण फेर धरतात. आपण फक्त बारीक गाळणीतून ढकलून सगळ्या पेट्या एका मापाच्या करायच्या. केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढ्या."

"इतक्या लहान पेटीत विस्तव कसा मावेल?"

अण्णांनी तिला जाड काचेपाशी नेलं. पलीकडे शिसोबा एका शिशाच्या डबीतली कुपी चिमट्याने उचलत होता.

"विस्तव म्हणजे किरणोत्सारी समस्थानिक (एखाद्या मूलद्रव्याचं असं भावंड, ज्याचे अणू आपोआप बदलतात आणि बदलताना किरणं सोडतात). आमच्या पेटीत रेनियम नावाच्या धातूचं आहे. त्याच्यातून सुटणारे कण फार लांब जात नाहीत, काही मिलिमीटर फक्त. पण तेवढ्यात शेकडो पेशी ओलांडतात. आणि दिवस संपायच्या आत त्याचं तेज निम्मं होतं, मग त्या निम्म्याचं निम्मं. याला म्हणतात अर्धायुष्य (तेज निम्मं व्हायला लागणारा वेळ)."

"आणि विष म्हणजे कीमोचं औषध?"

"तेच. आत्याला आधी दिलेलं, त्याच जातीचं."

ऋजुताचा चेहरा उतरला. "मग दोन्ही कशाला, अण्णा? नुसता विस्तव द्या ना. औषधाने आत्याला किती त्रास झाला होता!"

अण्णा तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "तुझे बाबा फाटलेलं जाळं काय करतात?"

"तुणतात. संध्याकाळी बसले की सकाळपर्यंत नवं."

"पेशीचंही तसंच. प्रत्येक पेशीत डीएनए (पेशीने काय करायचं हे सांगणारी लांबच लांब साखळी) असते. किरणांनी ती तुटते. पण कर्करोगाची पेशी हुशार. ती तुटलेलं सांधते आणि पुन्हा वाढायला लागते. आता समज, जाळं फाडणारा आला आणि त्याच वेळी दुसऱ्याने सुई-दोरा पळवला..."

"तर जाळं फाटकंच राहील!"

"औषध सुई-दोरा पळवतं. पण दोघे एकाच घरी, एकाच वेळी पोचायला हवेत. एक सोमवारी नि दुसरा गुरुवारी गेला तर काय उपयोग? म्हणून दोघांना एका पेटीत बसवायचं."

"पण पेटीला घर कसं सापडणार? तिला डोळे थोडेच आहेत!"

"खिडकीतून बघ." बाहेर बागेभोवती गडगा होता, चिरे एकमेकांवर नुसते रचून केलेली कोकणातली भिंत. डावीकडचा भाग अण्णांच्या वडिलांनी बांधलेला, चिऱ्याला चिरा घट्ट. उजवीकडचा घाईघाईत उभा केलेला. तिथल्या फटीतून एक मुंगूस बिनधास्त आत शिरत होतं.

"आपल्या निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंती डावीकडच्या गडग्यासारख्या. गाठ मात्र घाईत वाढते. तिला रक्त हवं असतं, म्हणून ती वाहिन्याही घाईत बांधते. त्यांना फटी राहतात. आमची पेटी फिरत-फिरत तिथे येते आणि फटीतून आत घरंगळते. तिथे तिची भिंत हळूहळू विरते आणि औषध बाहेर पडतं; विस्तवाचे कण तर भिंतीपलीकडेही जातात. घट्ट भिंतीतून मात्र तिला सहज जाता येत नाही. म्हणून तर तिचं माप सांभाळायचं."

"सगळ्या पेट्या गाठीतच जातात?"

"नाही गं. काही यकृतात, काही प्लीहेत अडकतात. आम्ही पेटीवर पातळ पांघरूण घालतो, म्हणजे रक्तातले राखणदार तिला पटकन ओळखत नाहीत. पण सगळ्याच पोचतात असं मी म्हणणार नाही. सुटं औषध अंगभर पसरतं, त्यापेक्षा खूप जास्त पोचतात, एवढं खरं."

त्या दुपारी ऋजुताने स्वतः पेट्या केल्या. आत ना विस्तव ना विष, नुसता बिटाचा लाल रंग. बाहेर उरलेला सुटा रंग शिसोबाने धुऊन काढला. तयार झालेलं गुलाबी, दुधाळ पाणी अण्णांनी दोन नळ्यांत भरलं. एक आपल्या फ्रिजमध्ये ठेवली, दुसरी ऋजुताला दिली. सोबत पारदर्शक पापुद्र्याची एक छोटी पिशवी.

"या पिशवीला अतिशय बारीक भोकं आहेत. सुटा रंग त्यातून बाहेर येईल, पेटी येणार नाही. पिशवीत हे पाणी भर आणि स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांग. ग्लास स्वच्छ राहिला तर समजायचं, पेट्या शाबूत आहेत. आत्याला दाखव. आणि हो, उद्यापर्यंत थंड ठेव."

ऋजुताने नळी आत्याच्या हातात दिली. "अण्णांनी थंड ठेवायला सांगितलंय."

"थंड? हे काय मला सांगायला हवं?" आत्याने नळी पदराने पुसली, आणि जिथे तिची सगळ्यात महागाची पापलेटं असायची, त्या गोठणखोलीत अगदी आतल्या फळीवर ठेवली. कुबलांच्या घरात थंड म्हणजे बर्फच. ऋजुतालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तीही कुबलच.

सकाळी नळी घट्ट गोठली होती. पाणी सुटेपर्यंत दोघींचा चहा झाला. मग ऋजुताने पिशवी भरली आणि ग्लासात टांगली.

"आता बघ हं आत्या, पाणी अगदी स्वच्छ..."

पिशवीच्या बुडातून एक लाल धागा खाली उतरला. मग दुसरा. बघता-बघता ग्लास सरबतासारखा लाल झाला.

आत्या त्या ग्लासावर वाकली. रागावली असती तर बरं, पण ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "फुटल्या गो बाय तुझ्या पेट्या. रंग होता म्हणून ठीक. हेच माझ्या अंगात सुटलं असतं तर?"

"आत्या, पण..."

"राहू दे. अण्णांना सांग, नूतन नाही म्हणाली." तिने ग्लास मोरीत ओतला आणि ती बर्फ फोडायला निघून गेली.

ऋजुता रडली नाही, तिने पिशवी धुऊन बाजूला ठेवली. मुली तर नीट फेर धरून उभ्या होत्या. मग त्यांचे हात कुणी सोडवले? तिने नळी उजेडात धरली. बुडाशी अजून थोडा बर्फ होता, आणि त्यात बारीक-बारीक सुया दिसत होत्या. उभ्या, आडव्या, टोकदार.

समोर टोपात कालचा बांगडा पडला होता. कुणीतरी चुकून गोठणखोलीत टाकलेला. आता तो सुटला होता, आणि त्याच्याभोवती पाण्याचं थारोळं झालं होतं. बोट लावलं तर मांस पिठासारखं दबलं.

"आत्या!" ऋजुता ओरडत धावली. "हा बांगडा असा लिबलिबीत का झाला?"

"असा साधा, सावकाश गोठवला की व्हायचाच. पापलेटं मी आधी झपाट्याने गोठवते, मग तिथे ठेवते. बर्फाचे काटे होतात आत. मांस फाडतात."

"मग माझ्या पेट्यांची भिंतही तशीच ना! पेशीच्या भिंतीसारखीच! त्या फुसक्या नव्हत्या, आत्या. आपण त्यांना काट्यांवर झोपवलं!"

आत्याचा हात हवेतच थांबला. हातोड्यावरून पाणी ठिबकत राहिलं.

ऋजुताने अण्णांना फोन लावला. सगळं ऐकून अण्णा मोठ्याने हसले. "बर्फाच्या कारखान्यात नळी पाठवून मी नुसतं 'थंड' म्हणालो! माझंच चुकलं. थंड म्हणजे फ्रिजइतकं गं, गोठवायचं नाही. ये, दुसरी नळी इथे आहे."

दुसरी नळी ऋजुताने ओल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरून आणली. पुन्हा पिशवी, पुन्हा ग्लास. आत्या म्हणाली, "मी काही बघत बसणार नाही. मला कामं आहेत." पण कोळंबी सोलायला ती बरोबर ग्लासासमोरच बसली.

कोळंबी संपली. ग्लास स्वच्छ. भात झाला. ग्लास स्वच्छ. जेवणं होऊन भांडी घासायला निघाली, तरी ग्लासातलं पाणी पिण्यासारखं नितळ.

"कशावरून आत तोच रंग आहे?" आत्याने डोळे बारीक केले. "तू कसलं तरी गुलाबी दूध भरलं असशील."

"थांब." ऋजुताने भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पिशवीत सोडला. "साबण स्निग्ध भिंत मोडतो. तव्यावरचं तूप मोडतो ना, तसा."

पिशवीतलं दुधाळपण विरलं, आणि तोच लाल धागा खाली उतरू लागला. ग्लास पुन्हा सरबतासारखा झाला. या वेळी आत्याने तो मोरीत ओतला नाही. खिडकीत ठेवला.

"म्हणजे इतका वेळ पोरी पाठीला पाठ लावून उभ्याच होत्या," ती पुटपुटली.

मग तिने सगळं पुन्हा विचारलं. सुई-दोरा कुणी पळवायचा, गडग्याला फट का राहते, विस्तव किती लांब पोचतो. ऋजुता सांगत गेली. एके ठिकाणी अडली, तिथे तिने "हे मला माहीत नाही" असं सांगितलं. आत्याला तेच जास्त आवडलं. शेवटी आत्याने स्वतःच अण्णांना फोन लावला.

"अण्णा, खरं सांगा. मी नक्की बरी होईन?"

"नक्की असं मी म्हणणार नाही, नूतनताई. ज्यांना दिलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या गाठी आकसल्या. सगळ्यांच्या नाही. त्रास आधीपेक्षा कमी झाला, पण झाला. आणि काही दिवस तुम्हाला वेगळ्या खोलीत राहावं लागेल, कारण तुमच्यातूनच किरणं येत असतील."

"एवढं मागच्या डॉक्टरांनी सांगितलं असतं तर मी त्यांना फुकट बर्फ दिला असता," आत्या म्हणाली. तिने फोन ठेवला आणि मांडीवर ताल धरला.

नाही कडी, नाही कुलूप, नाही तिला दार,
पाठीला पाठ लावून उभ्या पोरी हजार.
पोटी धरला निखारा गं, पोटी धरलं जहर,
गडग्याच्या फटीतून गाठी चोराचं घर.

"ओळखा!" ती म्हणाली, आणि ऋजुता तिच्या गळ्यात पडली.

उपचाराच्या दिवशी शिसोबाने शिशाच्या डबीतून सुई आणली. अण्णांनी तिच्यातलं तेज सकाळीच मोजून घेतलं होतं. उशीर झाला तर तेज कमी होतं, म्हणून सगळं ठरल्या वेळेला.

"कृपया हात सैल सोडावा," शिसोबा म्हणाला.

"सोडते हो मेल्या. जेवलास का?"

शिसोबाने हलकेच सुई टोचली. "मी जेवत नाही. परंतु विचारल्याबद्दल आभारी आहे."

दुसऱ्या दिवशी ऋजुता जाड काचेबाहेर उभी राहिली. आत आत्या पलंगावर बसून पेज पीत होती. तिच्या न्हाणीघराचं पाणीसुद्धा वेगळ्या टाकीत साठत होतं, तेज ओसरेपर्यंत. बोलायला मधे ध्वनियंत्र होतं. अण्णांनी पडदा दोघींना दिसेल असा वळवला.

"रेनियम कणांबरोबर थोडी गॅमा किरणंही सोडतं (शरीराबाहेर येणारी, डोळ्यांना न दिसणारी किरणं). आमचा कॅमेरा ती टिपतो. त्यामुळे पेट्या कुठे आहेत ते दिसतं."

पडद्यावर आत्याची अंधारी आकृती होती. यकृताशी फिकट उजेड, प्लीहेशी थोडा. आणि पोटात उजव्या बाजूला, जिथे ती गाठ होती, तिथे एक ठळक, पिवळा ठिपका. दूरच्या होडीवरच्या दिव्यासारखा.

"पोचल्या!" ऋजुता काचेला नाक लावून ओरडली. "आत्या, पोचल्या गं!"

"गाठ किती आकसली ते कळायला दोन-तीन महिने जातील," अण्णा म्हणाले. "पण वाट त्यांना सापडली."

"अण्णा, बाहेरून फक्त गाठीला ऊब दिली की उघडेल अशी पेटी करता येईल? म्हणजे गाठीपाशी गेल्यावरच उघडेल, यकृतात नाही?"

अण्णांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "काही जण त्याच मागे लागलेत. त्यांना माणसं कमी पडतात. उद्या शाळा सुटल्यावर येशील?"

"येईन. फक्त भोंडला असेल त्या दिवशी नाही."

आत आत्याने पेजेची वाटी बाजूला ठेवली. पडद्यावरचा ठिपका कुठे आहे ते नीट पाहून तिने आपल्या पोटावर, उजव्या बाजूला, तळवा ठेवला. सासरी पोचलेल्या लेकींशी बोलावं तशी ती खाली बघत बोलू लागली, आणि ध्वनियंत्रातून तिचा आवाज, पूर्वीइतका मोठा नाही पण स्वच्छ, बाहेर आला.

"पोचलात ना गो बायांनो? दमला असाल. आता घाई करू नका. बसा नीट, आणि सावकाश कामाला लागा."